कढीपत्त्याची पाने कुरतडलेली असू द्या

महोदय,

पावसाळा लागला की सोसायट्यांमध्ये 'फुलपाखरू उद्यान' करायची टूम निघते. एक्झोरा, झेंडू, क्वचित घाणेरीसुद्धा लागते (ती तर मुळीच लावू नये, रानात पसरून तिने आधीच उच्छाद मांडला आहे). फलक लागतो, आणि त्याच आठवड्यात माळीबुवा पाठीवर पंप अडकवून कढीपत्त्यावर औषध मारून जातात. कारण काय, तर पानांना अळी लागली!

मधासाठी फुलपाखरू कुठल्याही फुलावर बसेल, अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घालते. ती झाडे नसतील तर असे उद्यान म्हणजे नुसती खानावळ. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय व कॉमन मॉरमॉन वाढतात. २०१५ पासून आपले राज्य फुलपाखरू असलेले ब्लू मॉरमॉनही लिंबू-पपनसाच्या कुळातच अंडी घालते. कण्हेरीवर कॉमन क्रो (याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो), बहाव्यावर एमिग्रंट, सीताफळावर आणि कुंपणाच्या उंच खोट्या अशोकावर टेल्ड जे. रुईवर प्लेन टायगर येते; पण रुईचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब लावावी.

कढीपत्त्यावरची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि पांढरी. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती चावत नाही, अंगाला खाजही आणत नाही. साधारण दोन आठवडे खाते आणि कोषात जाते. खरी अडचण कुंडीची. बारा इंची कुंडीतले झाड पाच-सहा मोठ्या अळ्या सहज बोडके करतात आणि मग स्वतःच उपाशी मरतात. म्हणून एकाऐवजी तीन झाडे हवीत. अळी हलवायची तर चिमटीत धरू नये. ती बसलेली डहाळी कापून दुसऱ्या झाडाच्या फांदीत अडकवावी, ती आपणहून चढते. बोडक्या झाडाला पाणी आणि मूठभर शेणखत द्यावे, नवी पालवी फुटते.

'आम्ही फक्त सेंद्रिय फवारतो' हे उत्तर ठरलेले असते. निंबोळी अर्काने अळीची कात टाकण्याची क्रियाच बिघडते आणि ती मरते. बीटी पावडर (जिवाणूपासून केलेले कीटकनाशक) तर अळ्या मारण्यासाठीच असते. मावा किंवा पिठ्या ढेकूण पडला असेल तर नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारावा, फारच झाल्यास तेवढा शेंडा छाटावा. शिवाय चिमणी, शिंपी, बुलबुल पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात. गॅलरीत तांदूळ टाकून आणि खाली फवारणी करून चिमण्या वाढणार कशा?

पक्ष्यांसाठी ठेवायचे पाण्याचे भांडे पसरट, दोन इंचांपेक्षा उथळ असावे, मध्ये एक खडबडीत दगड. डासांच्या भीतीने बरेच जण ते ठेवतच नाहीत. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ व्हायला आठवडा तरी लागतो. दर दोन दिवसांनी पाणी ओतून टाकले तर प्रश्न येत नाही. मात्र ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, तेव्हा काथ्याने घासणे आवश्यक, नुसते पाणी बदलून भागत नाही.

पालापाचोळा जाळू नये. कोपऱ्यात तीन-चार फुटांचा ढीग राहू द्यावा, सापसुरळी आणि बेडकांना तेवढे पुरते.

सोसायट्यांनी माळीकामाचा ठेका देताना दोन अटी लेखी घालाव्यात: समितीला विचारल्याशिवाय फवारणी नाही, आणि कुंपणाची छाटणी एकदम नाही. आधी एक बाजू, तिला पालवी आल्यावर दुसरी. आणि कात्री लावण्यापूर्वी फांद्यांत घरटे आहे का, ते पाहून.

– एक वाचक, पुणे