गाडी नऊ लाखांची, सुटे भाग साठ लाखांच्या गाडीचे

महोदय,

सोलापुरात हल्ली दहा-बारा वर्षे वापरलेल्या आलिशान गाड्या बऱ्याच दिसतात आणि त्यांतील अनेक दिल्ली पासिंगच्या असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून वयाच्या दहाव्या वर्षाकडे आलेल्या चकचकीत गाड्या तिकडे मिळेल त्या भावाने निघू लागल्या आणि एजंटांमार्फत आपल्याकडे येऊ लागल्या. मीही २०२३ मध्ये अशीच एक २०१२ ची डिझेल एसयूव्ही नऊ लाखांना घेतली. नवी असताना तिची किंमत साठ लाखांच्या पुढे होती. घरच्यांचा विरोध होता, पण या दोन आकड्यांतील फरकाने मला भुरळ घातली.

गाडीचा भाव वयाबरोबर उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. नऊ लाखांत आपण गाडी घेतो, पण पोसायची असते ती साठ लाखांचीच गाडी, हे मला कोणी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही.

घेतल्यानंतर चौथ्या महिन्यात, मे महिन्यातील एका सकाळी गाडी पुढच्या डाव्या बाजूने खाली बसलेली दिसली. होटगी रस्त्यावरील एका जाणत्या मेकॅनिकने एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे हवा भरून गाडी तोलून धरणाऱ्या रबरी बलूनवर साबणाचे पाणी सोडले, तेव्हा घडीतल्या केसाएवढ्या चिरेतून बारीक बुडबुडे येऊ लागले. हवा अशी झिरपत राहिली की गाडीची उंची राखण्यासाठी बलूनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. माझा तोवर जळला होता. पुढचे दोन्ही बलून आणि कॉम्प्रेसर मिळून १ लाख ९० हजार रुपये लागले. शिवाय गाडी ट्रकवर चढवून अडीचशे किलोमीटरवरील पुण्याला न्यावी लागली, त्याचे भाडे वेगळे. बलून वेळीच बदलला असता तर निदान कॉम्प्रेसर वाचला असता, याची हळहळ आजही वाटते.

आपल्याकडचा उन्हाळाही या गाड्यांना मानवत नाही. पारा चाळिशीच्या वर गेला की इंजिनाभोवतीचे जुने प्लास्टिकचे पाइप आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी कडक होऊन तडकतात. त्यात पूर्वीच्या कोणीतरी माझ्या गाडीत कूलंटऐवजी बोअरचे साधे पाणी भरले होते; टाकीच्या तळाशी तांबूस गाळ आणि पांढरे क्षार साचलेले मी स्वतः पाहिले. जड पाण्याचे हे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि इंजिन तापू लागते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल तर ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे ठामपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनीच ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलण्याची शिफारस करते.

विम्याच्या भरवशावरही राहता येत नाही. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड मोडतच नाही. अपघात झाला तरी रबर व प्लास्टिकच्या भागांवर आणि दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. परराज्यातील गाडीसाठी तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि एमएच १३ ची नवी नोंदणी, हा खर्चही किंमत ठरवताना धरावा लागतो.

तरीही या गाड्या घेऊच नयेत, असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या हायवेवर माझी गाडी आजही जितकी स्थिर आणि निर्धास्त चालते, तितकी मी दुसरी कोणतीही चालवलेली नाही. मात्र पैसे देण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी आणि गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर लावावा. डॅशबोर्डवरील मीटर मागे फिरवता येते, पण अनेक गाड्यांत धावलेल्या किलोमीटरची नोंद इतर मोड्यूलमध्येही (गाडीतील छोट्या संगणकांत) असते आणि ती जुळत नसेल तर फसवणूक तिथेच उघडी पडते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चारही चाकांवर सारख्या उंचीची आहे ना, एवढे पाहायला तर स्कॅनरही लागत नाही. खरेदीच्या किमतीच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर माझ्या मते तो व्यवहार करू नये.

१ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरांना आरटीओकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे. असे अधिकारपत्र असलेल्या सोलापुरातील डीलरांची यादी आरटीओ कार्यालयाने दर्शनी भागात लावावी आणि दहा वर्षांवरील प्रत्येक गाडीसोबत स्कॅनचा अहवाल व सर्व्हिसच्या नोंदी ग्राहकाला सही-शिक्क्यानिशी देण्याची सक्ती करावी, अशी माझी परिवहन विभागाला विनंती आहे. आपल्या दैनिकानेही जुन्या गाड्यांच्या जाहिराती घेताना नोंदणीचे वर्ष आणि मूळ पासिंगचे राज्य छापण्याचा आग्रह धरावा.

आपला,
एक वाचक, सोलापूर