साहेब, त्या रस्त्याचा पत्ता द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय
(राज्यातले रस्ते ज्यांच्या खात्यात येतात ते. एकाहून अधिक असल्यास सर्वांना.)

विषय : पोटातलं पाणी हलल्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी आपण आमच्या भागात आला होतात. मी मंडपात चौथ्या रांगेत होतो. "पुढच्या दिवाळीला या रस्त्यांवरून जाताना पोटातलं पाणी हलणार नाही," असं आपण म्हणालात आणि मी टाळ्या वाजवल्या. आज वाजवता येणार नाहीत. डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे.

मी निवृत्त पोस्टमन. 32 वर्षं सायकलवर टपाल वाटलं. एक हौस राहिली होती, शकुंतलेच्या वाटेनं एकदा सायकलनं जायची. आपण मुंबईला असता म्हणून सांगतो, शकुंतला म्हणजे आमची छोटी रेल्वे. दोन रुळांत जेमतेम अडीच फूट अंतर. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, पुढे अचलपूरपर्यंत 76. इंग्रजांच्या काळात कापूस न्यायला घातली. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, बापाच्या मांडीवर बसून मी त्याचा धूर खाल्लाय. 2016 मध्ये ती ब्रॉडगेज होणार अशी घोषणा झाली, दीड हजार कोटींचा आकडा पेपरात आला. आकडा पेपरातच राहिला. रुळांत आता बाभळी आहेत. रेल्वे तुमच्याकडे नाही, माहीत आहे मला. 'आमच्याकडे नाही' हे पुढे इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं.

बेत तीन दिवसांचा. पहिला मुक्काम कारंजा, दुसरा दर्यापूर, तिसऱ्या दिवशी दुपारी अचलपूर. पहिल्या दिवशी दारव्ह्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून तीन पंक्चर. बाभळीचे काटे, त्याचा दोष तुमच्यावर टाकत नाही. कारंज्याला पोचायला रात्र झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समृद्धी महामार्गाच्या पुलाखाली चहा प्यायलो. वर 701 किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता, 55 हजार कोटींच्या आसपास खर्च. त्यावर सायकलला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे, 120 च्या वेगात माझं काय काम? पण खाली शेळ्या घेऊन उभा असलेला म्हातारा म्हणाला, "समृद्धी वरून जाते भाऊ, आपल्याले सावली भेटते." हे वाक्य तुमच्या पुढच्या भाषणात घ्या. फुकट देतो.

मूर्तिजापूर सोडलं आणि अवकाळी पाऊस आला. मी शकुंतलेच्या जवळून जाणारा गावखेड्यांचा रस्ता धरला होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या तिथल्या सरपंचालाच उभं कराल. एका नाल्यावर पुलाचं काम सुरू होतं. म्हणजे फलक होता. फलकावरची काम संपायची तारीख उलटून 14 महिने झाले होते आणि पुलाच्या सळया गंजून उभ्या होत्या. बाजूनं शेतातून वळणरस्ता काढलेला.

साहेब, आपण काळ्या मातीत सायकल ढकलली आहे का? ती माती आधी टायरला धरते, मग मडगार्डमध्ये भरते, मग चाक फिरतच नाही. काडीनं खरवडायची, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायची. वेचणीवरून परतणाऱ्या बाया म्हणाल्या, "तिकडून नोका जाऊ बाप्पा, फसान!" पण दुसरीकडून रस्ताच नव्हता. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. दीडशे मीटरला पाऊण तास लागला. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम नीट न भरता वर गिट्टी-डांबर अंथरलं की दोन पावसाळ्यांत रस्त्याच्या लाटा होतात. मला हे इंजिनिअर नसून कळतं.

पुढे डांबर लागलं म्हणून आनंदानं सायकलवर बसलो. एका किलोमीटरात 47 खड्डे मोजले. 44ही असतील, अंधारत होतं. अठ्ठेचाळिसावा पाण्यानं भरलेला होता, तो मी मोजला नाही, त्यानंच मला मोजलं.

रात्री एका शेतकऱ्याच्या घरी होतो. त्यांनी हळद लावली, भाकर-पिठलं दिलं. मी विहिरीकडं हात केला तर माउली म्हणाली, "ते नोका पिऊ, खारं हाय." खारपाणपट्टा आहे तो. पिण्याचं पाणी ती कॅन विकत घेते. हेही तुमच्याकडे नसेल.

सकाळी जवळच्या दवाखान्यात गेलो. एक्स-रेचं मशीन होतं, चालवणारा नव्हता. सायकल बसवर चढवावी म्हटलं तर वाहक म्हणाला, "काका, आता गाडीले टपावर कॅरिअर नाही." त्याचं खरं होतं. तालुक्याला पोचेस्तोवर हात भोपळ्याएवढा झाला. बेत तिथंच संपला. पोरगा घ्यायला आला आणि वाटभर एक शब्द बोलला नाही. ते मला हाडापेक्षा जास्त दुखलं.

आता मुद्दा. तक्रार द्यायला मी तीन कार्यालयं फिरलो, एका हातानं. पहिल्या ठिकाणी म्हणाले, हा ग्रामीण मार्ग, आमच्याकडे नाही. दुसरीकडे म्हणाले, त्याची दर्जोन्नती झाली, पहिल्यांकडेच जा. तिसरे म्हणाले, पूल आमचा आहे, पण वळणरस्ता ठेकेदाराचा. ठेकेदाराचा फोन बंद. 'मारोतीच्या देवळामागं, गण्याच्या आईला' एवढ्या पत्त्यावर मी मनिऑर्डर पोचवली आहे. तुमच्या रस्त्याचा धनी मला सापडला नाही.

आणि हे एका रस्त्याचं थोडंच आहे? 1953 च्या नागपूर करारानं आम्हाला, म्हणजे विदर्भाला, काय काय कबूल केलं होतं. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होतं, तेवढं दिसतं. हुरडा खाता, संत्रा बर्फी नेता. दांडेकर समितीनं 1984 साली अनुशेष मोजला, त्यात रस्तेही होते. घटनेच्या 371 कलमाखाली 1994 मध्ये विकास मंडळ आलं, 2020 च्या एप्रिलमध्ये त्याची मुदत संपली. 2017 मध्ये तर 15 डिसेंबरपर्यंत सगळं राज्य खड्डेमुक्त होणार होतं. कुठल्या सालचा 15 डिसेंबर, ते सांगायचं राहिलं. मोजायला समित्या, विसरायला मुदती. गिट्टी कोण टाकणार?

सायकल अजून त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात आहे. पुढच्या चाकात मोठा आऊट आलाय, रिम बदलावी लागेल. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघेल, मग मी ती आणायला जाणार, आणि तिथूनच अचलपूरला. तोवर त्या वळणावर चार ट्रॅक्टर मुरूम टाका. फलक नको, उद्घाटन तर नकोच.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन,
जिल्हा यवतमाळ

ता. क. : या पत्राची एक प्रत पाच रुपयांचं तिकीट लावून पोस्टानं पाठवणार होतो. पाकिटावर नेमकं कोणत्या खात्याचं नाव लिहावं ते ठरेना, म्हणून पाकीट अजून घरीच आहे.