रातराणी तोडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत गेल्या रविवारी मीटिंग झाली आणि फाटकाजवळची रातराणी मुळासकट काढायचं ठरलं. पावसाळ्यात तिथे साप निघाला होता, आणि रातराणीच्या वासाला साप येतात असं सगळेच लहानपणापासून ऐकत आलेत. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मीटिंगमध्ये माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं गेलं नाही, म्हणून हे पत्र.

इंग्रजीतल्या ‘नाइट जस्मिन’ या नावामुळे आपण तिला जाईजुईत धरतो, पण रातराणी वांगी-टोमॅटोच्या कुळातली. दिवसा तिचं फूल मिटलेलं असतं, नाकाशी नेलं तरी वास जेमतेम येतो. रात्री उमलतं आणि सगळा जिना दरवळतो. हे उमलणं-दरवळणं झाडाच्या आतल्या घड्याळावर चालतं, हे १९६० मध्येच संशोधनातून पुढे आलं. इतका खटाटोप झाड करतं ते रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी. फूल फिकट, त्याची नळी अरुंद आणि लांब. आतल्या मधापर्यंत पतंगाची लांब सोंडच पोचते.

शाळेत मी मुलांकडून बेन्झाइल अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्ल तापवून घ्यायची, सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब टाकून. मिश्रण गार पाण्यात ओतलं की वर्गात चमेलीचा वास यायचा. त्यातून तयार व्हायचं ते बेन्झाइल ॲसिटेट, चमेलीतही तेच आणि आमच्या परीक्षानळीतही. हे हलके रेणू चटकन उडतात, म्हणून हवेतून निरोप न्यायला झाडांना ते सोयीचे.

आणि निरोप फक्त फुलंच देतात असं नाही. कमाटीबागेत सकाळी गवत कापतात तेव्हा जो हिरवा वास येतो, तो जखमी पात्यांतून सुटलेल्या सहा कार्बनच्या संयुगांचा. १९९० मध्ये अमेरिकेत दवण्याच्या जवळचं एक रानझुडूप टोमॅटोच्या रोपांबरोबर बंद बरणीत ठेवलं. दोघांचा स्पर्श नव्हता, फक्त हवा एक. तरी टोमॅटोच्या पानांत किड्यांचं पचन बिघडवणारी प्रथिनं वाढली. काम केलं ते त्या झुडपातून हवेत सुटलेल्या मिथाइल जास्मोनेट या संयुगानं, जे आधी चमेलीच्या तेलात सापडलं होतं. आपल्या कुंपणावर चढते तशा अमरवेलीच्या एका जातीचं कोवळं रोप टोमॅटोच्या वासाच्या दिशेनं वळतं, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. रातराणीच्या भाऊबंदांचीच ही गोष्ट, म्हणून मला ती फार आवडते.

साप मात्र वास घेतो तो जिभेनं. जीभ बाहेर काढून हवेतले कण टिपतो आणि टाळूतल्या जेकबसनच्या अवयवाला पोचवतो. त्याला माग काढायचा असतो उंदराचा, बेडकाचा. मधात त्याला काय रस? आमच्या रातराणीखाली गेल्या दिवाळीच्या रंगकामापासून फुटक्या फरशा आणि विटांचा ढीग पडलाय, शेजारी ओल्या कचऱ्याचा डबा. उंदीर तिथेच आहेत. विश्वामित्रीला पाणी चढलं की जनावरं कोरड्या जागी सरकतात, हे बडोद्यात कुणाला सांगायला नको.

पहिल्या मजल्यावरच्या आजींना या वासानं डोकं दुखतं. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि खिडकीकडच्या फांद्या छाटायला माझी काहीच हरकत नाही. लहान मुलांनी तिची फळं तोंडात घालू नयेत, तीही काळजी घ्यायला हवी. पण झाड काढून ढीग तसाच ठेवला तर साप पुढच्या पावसाळ्यातही येईल.

पुढची मीटिंग येत्या रविवारी आहे. त्याआधी हे पत्र छापलंत तर उपकार होतील. सोसायटीतल्या कुणालाही रात्री नऊनंतर फाटकाशी यायचं असेल तर मी लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन उभी असेन. पतंग येतात तेव्हा पांढरा उजेड लावू नये, ते बिचकतात.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कारेलीबाग, बडोदे