दत्ता, टिलर घालू नकोस

वाई,
१२ जुलै

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. परसात रान गुडघाभर माजलंय आणि येत्या रविवारी पॉवर टिलर आणून तू सगळं एकदाच उलथणार, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. एवढं माझं ऐक, टिलर घालू नकोस. विहिरीकडच्या अंगाला तर मुळीच नको.

तिथे लव्हाळा आहे, मागच्या खेपेला मी पाहिलाय. दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात, तोच. गेल्या साली माझ्या वाफ्यातला लव्हाळा मी कुदळीने खणून काढला, तर महिन्याभरात दुपटीने उगवला. मग पाऊस पडून गेल्यावर एक रोप ओल्या मातीतून बोटांनी सोडवत खाली गेलो. काळपट गाठ, तिच्यातून सुतळीसारखा धागा, पुढे दुसरी गाठ, मग तिसरी. माळ अखंड असते तोवर त्यातल्या बऱ्याच गाठी निजलेल्या असतात. ती तुटली की सुटी झालेली गाठ आपला कोंब काढते. कुदळीने मी माळाच तोडत होतो, आणि टिलर तेच शंभर ठिकाणी करील. गाठ फोडून हुंगून बघ, उटण्यातल्या नागरमोथ्याचा वास येईल. तो हाच.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही. तिथे दाट ताग पेर, आणि वर येणारे कोंब दर आठ-पंधरा दिवसांनी काढत राहा. गाठीतला साठा संपायला वेळ लागतो, पण संपतो.

केन्याची निळी फुलं वर दिसतात, पण तो जमिनीखालीही फुलं धरतो आणि ती न उमलताच त्यांत बी भरतं. म्हणून विळ्याने कापून भागत नाही. उपटून ओल्या बांधावर टाकलास तर पेरापेराला मुळं फुटतात. आंबुटीची पिकली शेंग तळहातावर घेऊन नुसती दाब, बी टचकन मनगटापर्यंत उडतं. माझ्याकडे ती रोपवाटिकेतल्या कुंडीतूनच आली. एकदांडीला वारा नेतो, आघाडा आपल्याच पायजम्याला चिकटून घरी येतो.

कुंपणालगतचं गाजरगवत मात्र आजच काढ. १९५०च्या दशकात ते पुण्यात दिसलं, परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि आज कुठे नाही सांग! एका भरदार झाडाला १५-२० हजार बिया धरतात, म्हणून पांढरी फुलं यायच्या आत उपटायचं. हातमोजे घाल, तुझी कातडी आधीच नाजूक.

आणखी एक. शेणखत पुरतं कुजलेलंच घे. कच्च्या खतातून तणाचं बी फुकट येतं. जमिनीत आधीच निजलेलं बीही पुष्कळ असतं, माती उलथली की उजेड लागून ते उठतं.

रविवारी मीच येतो. दोन खुरपी आणि एक बादली काढून ठेव. केन्याची कोवळी पानं वेगळी ठेवू, वहिनींच्या हातची भजी खाऊन बरेच पावसाळे झाले.

तुझा,
विनायक