विंचेस्टर ‘सेफ’ नाही, घरातल्या जुन्या रायफलचा लिव्हर ओढून बघू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या शिकारी रायफलींवर लेख आला होता, त्यात लिव्हरवाल्या, म्हणजे चापाखालची कडी खाली ओढून परत वर घेतली की पुढचं काडतूस भरणाऱ्या, विंचेस्टरबद्दल दीड-दोन पॅरा होते. वाचून आनंद झाला कारण ती रायफल आमच्या घरात तीन पिढ्या आहे, पण एका वाक्यावर अडलो ते अजून डोक्यातून जात नाहीये. ‘हाताळायला सोपी आणि सेफ’ असं छापलंय. सोपी आहे, शंभर टक्के. सेफ नाही. आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये.

आमची विंचेस्टर मॉडेल ९४ आजोबांनी सत्तेचाळीस साली कॅम्पातल्या एका परत निघालेल्या साहेबाकडून घेतली. थर्टी-थर्टी मापाच्या काडतुसाची कार्बाइन म्हणजे आखूड रायफल, वीस इंची नळी, वजन तीन किलोच्या आसपास. भोर-वेल्ह्याकडच्या रानात हाक्याला उभं राहायचं तर आजोबा हीच उचलायचे, घरात बारा बोअरची छऱ्याची बंदूक होती, पुढे .३१५ ची बोल्ट रायफल, म्हणजे वरचा दांडा हाताने मागेपुढे ओढून भरायची, ती पण आली तरी. त्यांचं म्हणणं एवढंच, की करवंदीच्या जाळीतून डुक्कर निघालं की तुमच्याकडे दोन सेकंद असतात आणि त्या दोन सेकंदांत ही आपोआप खांद्याला येते, दुसरा बार टाकायला खांद्यावरून उतरवावी लागत नाही. लांबच्या नेमाला मात्र ते हिला हात लावायचे नाहीत. बरोबरच होतं त्यांचं, शंभर यार्डाला नेम बसवलेला असेल तर दोनशेला गोळी सात-आठ इंच खाली जाते. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि आजोबांनी शिकार बंद केली, रायफल परवान्यावर राहिली.

ज्यांच्याकडे ही रायफल आहे किंवा होती अशा माणसांशी मी आयुष्यभर बोलत आलोय, आणि मतं काही जुळत नाहीत. खडकीचे एक निवृत्त सुभेदार आमच्याकडे यायचे, ते म्हणायचे बोल्टची .३१५ कधीही बरी, काडतूस आपल्या खडकीच्या फॅक्टरीचं, वाटेल तेव्हा मिळतं, हिचं कुठून आणणार? खरंय, आम्हाला थर्टी-थर्टीचं काडतूस इथे दुकानात कधी मिळालं नाही, आजोबांच्या वेळची अकरा उरलीत ती डब्यात तशीच आहेत. मामेभाऊ पेनसिल्व्हेनियात असतो, तिकडे हरणाचा सीझन रीतसर असतो, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, भगवं जॅकेट घालून जावं लागतं. त्याच्याकडे मार्लिन ३३६ आहे, तीही लिव्हरचीच, १९४८ पासूनचं मॉडेल, आणि तो विंचेस्टरला नावं ठेवतो कारण जुनी विंचेस्टर रिकामं काडतूस वरच्या बाजूने फेकते त्यामुळे दुर्बीण मधोमध बसवता येत नाही. मार्लिन बाजूने फेकते. विंचेस्टरने हे सुधारलं ऐंशीच्या दशकात, तोपर्यंत माणसं वैतागून मार्लिनकडे गेलेली. पण साठ यार्डाच्या आत, दाट झाडीत, लिव्हरसारखी रायफल नाही हे तोही मान्य करतो.

नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक टेकलेलं, म्हणून हिला चपट्या टोकाचीच गोळी लागते, टोकदार घातली तर धक्क्याने पुढचं काडतूस ट्यूबमध्येच उडू शकतं. अलीकडे अमेरिकेत मऊ प्लॅस्टिकच्या टोकाच्या गोळ्या निघाल्यात त्या चालतात.

आणि चौसष्टच्या आधीची की नंतरची हा तर मालकांचा कायमचा वाद. मी ३४ वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली त्यामुळे यात मला बोलायचा हक्क आहे असं समजतो. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला आतले मशीन करून काढलेले पार्ट बदलले, काडतूस वर उचलणारा लिफ्टर प्रेसमध्ये पत्रा दाबून केला, भरीव पिनांच्या जागी पोकळ रोल पिना घातल्या. आमची सत्तावीस लाखांच्या आतल्या नंबरची, म्हणजे आधीची. दोन्ही एकदा शेजारी ठेवून लिव्हर चालवा, आधीचीचा आवाज एकच येतो, बंद होताना दार नीट लागल्यासारखा, नंतरचीत पत्रा खुळखुळतो. नंतरची वाईट मारते असं नाही, पण ज्याने हाताने फिटिंग केलंय त्याला ते सहन होत नाही. जॉन ब्राउनिंगने १८९४ मध्ये काढलेलं डिझाइन, सत्तर लाखांच्या वर रायफली विकल्या गेल्या आणि २००६ मध्ये तो जुना न्यू हेवनचा कारखाना बंद झाला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं.

तर एवढे वाद, पण एका बाबतीत मी भेटलेला प्रत्येक मालक, सुभेदार, मामेभाऊ, कॅम्पातला बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री, सगळे एकच बोलले. घोडा, म्हणजे मागची हातोडी, जी सुटली की बार उडतो. जुन्या ९४ ला वेगळा सेफ्टी खटका नाही, कंपनीने तो दिला १९९२ मध्ये. त्याआधीच्या रायफलीत घोडा अर्ध्यावर ठेवायचा हीच सेफ्टी. आणि भरलेली रायफल त्या अर्ध्या घोड्यावर आणायची म्हणजे अंगठ्याने घोडा धरायचा, चाप दाबायचा आणि घोडा हळूहळू खाली सोडायचा, जिवंत काडतुसावर. शिवाय रिकामी करायची तर ट्यूबमधलं एकेक काडतूस नळीच्या मागच्या तोंडाशी येऊनच बाहेर पडतं, आणि आत किती उरलीत ते बाहेरून दिसत नाही.

१९७८ चा दसरा. भोरच्या वाड्यात ओटीवर पाट मांडलेला, त्यावर तलवार, बारा बोअर आणि ही, झेंडूची फुलं वाहिलेली. काकांनी सकाळीच तेलाचा हात फिरवला होता. मी तेव्हा कॉलेजात, मीच म्हणालो काका एकदा लिव्हर चालवून दाखवा. दोनदा चालवला, काही बाहेर पडलं नाही, काका म्हणाले रिकामी आहे. तिसऱ्यांदा चालवला तेव्हा ट्यूबमध्ये कधीपासून अडकलेलं एक काडतूस सुटलं आणि आत गेलं, कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग घोडा उतरवायला त्यांनी चाप दाबला आणि तेलकट अंगठा घोड्यावरून घसरला. घोडा सुटायला लागला की चापावरचं बोट काढायचं असतं, मग तो अर्ध्यावर अडकतो, पण काकांचं बोट चापावरच राहिलं.

बार उडाला. आत्या नैवेद्याचं ताट घेऊन आतून येत होती, ती उंबऱ्यापर्यंत आलेली. गोळी तिच्या डाव्या बाजूला रांजणाच्या वर हातभर अंतरावर मातीच्या भिंतीत गेली. ताट पडलं नाही तिच्या हातातून, ती तशीच उभी राहिली, आणि भिंतीतून माती गळत होती ती पाण्यात पडल्याचा आवाज येत होता. काका त्यानंतर वीस वर्षं जगले, रायफलला हात लावला नाही. आणि काका नवशिके नव्हते हो, पंधरा वर्षं वापरलेली रायफल होती ती.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, पुण्यात जुन्या घरांची कपाटं सध्या रोज रिकामी होतायत, वाडे पाडतात, फ्लॅटमध्ये जातात, आजोबा-पणजोबांच्या वस्तू निघतात. त्यात एखादी अशी रायफल निघाली आणि तुमच्या लेखातलं ‘सेफ’ वाचलेल्या नातवाने पिक्चरमध्ये बघितलेला लिव्हर ओढून बघितला तर काय होईल ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्याने ओढू नये. रायफल जिथे आहे तिथे ठेवावी, पोरांना खोलीबाहेर काढावं आणि जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरला कळवून जमा करावी, परवानेवाला माणूस वारला असेल तर कायद्याने ती तशीही जमा करावी लागते. ठेवायची असेल तर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, शहरात आयुक्तालयात, ग्रामीणला कलेक्टर ऑफिसात. माझ्या वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर हयातीतच माझ्या नावावर करून दिली, तशीही सोय नियमात आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा मी .३१५ सोडली, जिचं काडतूस मिळतं ती, आणि ही ठेवली. इतकं प्रेम आहे या रायफलीवर, म्हणूनच तिच्याबद्दल चुकीचं छापलेलं बघवत नाही.

माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर छोटी चौकट द्या: जुन्या लिव्हर रायफलीला वेगळी सेफ्टी नसते, दोनदा लिव्हर चालवून काही पडलं नाही म्हणजे रिकामी आहे असं समजू नये, माहितगार माणसाने उघडून बघेपर्यंत ती भरलेलीच धरावी. तीन ओळी होतील.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे