आमचं पेज आमच्या ताब्यात द्या

प्रति,
व्यवस्थापक,
सोशल मीडिया मार्केटिंग सेवा

विषय: आमच्या पेजची, जाहिरात खात्याची आणि पिक्सेलची मालकी परत करण्याबाबत

महोदय,

आत्ताच तुमच्या प्रतिनिधीशी पस्तीस मिनिटं बोलून फोन ठेवला. हा सहावा फोन होता. सातवा करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी बहीण आणि मी हाताने शिवलेल्या वह्या बनवतो. गेले आठ महिने आमचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम तुमच्याकडे आहे. करार झाला तेव्हा ‘सेटअपसाठी लागतं’ असं सांगून तुम्ही आमचं पेज तुमच्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे पेजेस आणि जाहिरात खाती एकत्र सांभाळायच्या तुमच्या खात्यात, ओढून घेतलंत. जाहिरात खातं स्वतःच्या नावाने उघडलंत. आमच्या वेबसाइटवर कोण आलं, काय घेतलं याची नोंद करणारा कोडचा तुकडा, म्हणजे पिक्सेलही तुमच्याच खात्यातला निघाला. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. पेज एका वेळी एकाच पोर्टफोलिओच्या मालकीचं असतं आणि एजन्सीला काम करायला पार्टनर ॲक्सेस पुरतो, मालकी लागत नाही. आम्हाला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. आज ज्या पेजवर माझ्या बहिणीचे हात दिसतात, त्या पेजवर आलेला मेसेज उघडायचा अधिकार आम्हा दोघींना नाही.

आजच्या फोनबद्दल सविस्तर लिहिते. कॉल रेकॉर्ड होतो असं तुमची टेप सुरुवातीलाच सांगते, तेव्हा काढून ऐका.

मी विचारलं, मालकी कधी परत देताय? तो म्हणाला, “मॅम, ते टेक्निकल टीम बघते.” त्या टीमशी बोलायचं आहे म्हटलं, तर “त्यांचा नंबर कस्टमरला शेअर करता येत नाही.” मग मी तुमचाच मासिक अहवाल समोर ठेवून विचारलं, इंप्रेशन्स (पोस्ट किती वेळा दिसली तो आकडा) वाढली, लाइक्स वाढले, मग आठ महिन्यांत जाहिरातीतून एकूण अकराच ऑर्डर का? त्यावर तो म्हणाला, “मॅम, ऑर्डर आणणं आमच्या स्कोपमध्ये नाही. आम्ही ब्रँडचा प्रेझेन्स वाढवतो.” इथपर्यंतही मी ऐकून घेतलं. मग तो आवाज खाली आणून, समजूत घालावी तसा म्हणाला, “आणि खरं सांगू का मॅम, मेणबत्त्यांचं मार्केटच सध्या फार सॅच्युरेटेड आहे.”

मी विचारलं, कसल्या मेणबत्त्या?

“तुमच्या. सेंटेड कँडल्स.”

मी म्हटलं, आम्ही वह्या बनवतो. पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग तो म्हणाला, “ओके मॅम, स्टेशनरी. स्टेशनरीचंही तसंच आहे.”

तसंच आहे! आठ महिने दर महिन्याला पैसे घेऊन, आम्ही काय बनवतो हे ज्याला माहीत नाही, तो मला आमच्या बाजाराबद्दल सांगतो. त्याने माफी मागितली नाही. सर्व्हेमध्ये पाच स्टार देण्याची विनंती मात्र केली. मला त्या मुलाचा राग नाही, त्याच्या स्क्रीनवर कुणीतरी चुकीचं नाव टाकलं असेल. पण मग हे आठ महिने आमच्या पोस्ट लिहीत कोण होतं? आता कळतं, त्या वाचताना परक्या का वाटायच्या. ‘तुमच्या खास क्षणांना द्या खास स्पर्श’ असली ओळ वहीखाली चालते, मेणबत्तीखाली चालते आणि उशीच्या अभ्र्याखालीही चालते. वहीबद्दल तिच्यात एक शब्द नाही. आणि प्रत्येकीखाली वीस-वीस हॅशटॅग.

आता तुमच्या अहवालात न आलेली एक गोष्ट. तिसऱ्या महिन्यात एका बाईंनी कमेंटमध्ये विचारलं होतं, “मी डावखुरी आहे. वही पूर्ण उघडल्यावर सपाट राहते का, की मधला उंचवटा हाताला लागतो?” वही विकणाऱ्याला यापेक्षा चांगला प्रश्न कुणी विचारत नाही. आम्ही पानांच्या घड्या एकेक करून शिवतो आणि पाठीला गोंदाचा जाड थर देत नाही, ते नेमकं याचसाठी. वही मधोमध उघडली की दोन्ही पानं टेबलाला टेकतात. हे दोन ओळींचं उत्तर होतं, जमलं तर दहा सेकंदांचा व्हिडिओ. तुमच्या टीमने नवव्या दिवशी उत्तर दिलं: लाल बदाम आणि ‘थँक्यू फॉर युअर लव्ह, डीएम करा’. त्या बाईंनी डीएम केला. तो आजही न वाचलेला पडून असेल, कारण इनबॉक्स तुमच्याकडे आहे. हे मला कसं कळलं? त्यांनी आमच्या वेबसाइटवरचा ईमेल शोधून विचारलं, की तुम्ही धंदा बंद केलात का?

छोट्या धंद्याला सोशल मीडिया यासाठीच तर लागतो. मोठ्या कंपनीचा मालक गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला येत नाही, आम्ही येतो. तुमच्याकडे यायच्या आधी माझ्या बहिणीने खिडकीत मोबाइल टेकवून एक रील काढली होती. मेण लावलेला दोरा घडीच्या भोकातून ओढताना होणारा करकर आवाज, गाठ मारताना अंगठ्याची हालचाल, बस. ना संगीत, ना मजकूर. त्या एका रीलवर जेवढ्या ऑर्डर आल्या तेवढ्या तुमच्या आठ महिन्यांत आल्या नाहीत. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ती ‘ब्रँड ग्रिडमध्ये बसत नाही’ म्हणून काढून टाकलीत. विचारलंतही नाही.

फॉलोअर्सचं बोलू. पाचव्या महिन्यात एका आठवड्यात ते साडेसहाशेवरून चार हजारांच्या पुढे गेले. तुम्ही त्याचा वेगळा स्क्रीनशॉट पाठवलात. मी इनसाइट्स, म्हणजे खात्याची आकडेवारी, उघडून पाहिलं, तर निम्म्याहून अधिक फॉलोअर्स अशा देशांतले, जिथे आम्ही पार्सलच पाठवत नाही. नावात आकडे, फोटो नाही, एक पोस्ट नाही. कृत्रिमपणे वाढवलेले फॉलोअर्स प्लॅटफॉर्मच्या नियमांविरुद्ध आहेत हे इन्स्टाग्रामने २०१८ मध्येच जाहीरपणे सांगितलं आणि खोटे लाइक्स, फॉलो काढून टाकायला सुरुवात केली. उद्या खात्यावर कारवाई झाली तर बुडणार कोण? त्याआधीच नुकसान झालं आहे. पोस्ट या हजारो मुक्या खात्यांना दाखवली जाते, कुणी काही करत नाही, मग ती पुढे सरकत नाही. आमची खरी साडेसहाशे माणसं त्या गर्दीत हरवली.

जाहिरातींचं तेच. प्रत्येक कॅम्पेनचा उद्देश तुम्ही एंगेजमेंट ठेवलात. एंगेजमेंट निवडलं की सिस्टिम लाइक करणारी माणसं शोधते, विकत घेणारी नाही. विक्रीसाठी सेल्स हा वेगळा पर्याय आहे आणि पिक्सेल त्याच्यासाठीच बसवतात. त्यातही दर दोन दिवसांनी जाहिरातीत बदल. मोठा बदल केला की लर्निंग फेज, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवावी हे सिस्टिम शिकते तो काळ, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि तिच्यातून बाहेर पडायला एका आठवड्यात साधारण ५० निकाल (लाइक, खरेदी, जे उद्दिष्ट ठेवलं असेल ते) लागतात, हे फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या मदत पानांवर लिहिलेलं आहे. मी रात्री वह्या शिवून झाल्यावर ते वाचलं. तुमच्याकडे त्यासाठी माणसं आहेत.

पुन्हा लिहिते, कारण सहा फोनमध्ये एकदाही सरळ उत्तर मिळालं नाही. पेज आमचं आहे. ते तुमच्या पोर्टफोलिओतून मोकळं करा आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, जाहिरात खातं आणि पिक्सेल या सगळ्यांचा पूर्ण ताबा आम्हाला द्या. जाहिरातींवर प्रत्यक्ष प्लॅटफॉर्मला किती गेलं आणि तुमचं शुल्क किती, याचा बिलांसह हिशोब द्या. फॉलोअर्स कुठून आणलेत ते लेखी कळवा. काढलेली रील परत लावा.

हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत मालकी बदलली नाही, तर आठव्या दिवशी वकिलाची नोटीस येईल. हा सगळा प्रकार तुमच्या नावासकट, स्क्रीनशॉटसह जाहीरही करीन. तुमच्या जाहिरातीत ‘छोट्या व्यावसायिकांचा हक्काचा साथीदार’ असं लिहिलं आहे. आम्ही ते वाचून आलो होतो. विश्वास ठेवून आलो होतो, आणि त्याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

फोन करू नका. उत्तर लेखी द्या. आणि त्या डावखुऱ्या बाईंचा मेसेज तेवढा आजच आम्हाला पाठवा, मालकीची वाट न बघता.

आपली ग्राहक,
वह्या बनवणारी

सोबत: आठ अहवाल, फॉलोअर्सच्या इनसाइट्सचे स्क्रीनशॉट, करार, सहा कॉलच्या तारखा आणि वेळा