प्रोजेक्टर नको, हेडसेट हवेत! वाचनालयातर्फे ग्रामस्थांना आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

येत्या शैक्षणिक वर्षापासून आपल्या गावच्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक नवा उपक्रम नियमितपणे सुरू होत आहे. दर शनिवारी संध्याकाळी साडेचारला आपली मुलं मॉरिशसमधल्या मुलांशी कॉम्प्युटरवरून गप्पा मारतील. आपल्याकडे साडेचार वाजतात तेव्हा तिकडे तीन वाजलेले असतात, त्यामुळे वेळेचा घोळ नाही. अर्धा तास मराठीतून बोलायचं, अर्धा तास फ्रेंचमधून. तिकडची मुलं शाळेत मराठी शिकतात आणि फ्रेंच त्यांच्या रोजच्या कानावरची. आपली मुलं मराठीत वाढलेली, त्यांतल्या काहींनी हायस्कुलात तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलंय. ज्याच्याकडे जे आहे ते त्याने द्यायचं आणि नाही ते घ्यायचं, असा हा रोखठोक व्यवहार आहे.

मॉरिशसच का, असं समितीच्या बैठकीतही विचारलं गेलं. १८३४ पासून करारावर हिंदुस्थानातून मजूर त्या बेटावर ऊसमळ्यांत कामाला गेले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले त्या आप्रवासी घाटाला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. त्या मजुरांत रत्नागिरीकडची आणि आसपासच्या मुलखातली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज घरात क्रेओल (तिकडची फ्रेंचवरून घडलेली बोली) बोलतात, पण मराठी त्यांच्या शाळेत आणि देवळात टिकून आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या मुलांचंही काही फारसं वेगळं नाही: घरात कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी, पाचवीपासून इंग्रजी. एकाच वेळी तीन-तीन भाषांत वावरणारी मुलं एकमेकांना लवकर समजून घेतील, असं आम्हाला वाटतं.

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आसपास आम्ही काही मुलांना घेऊन हे करून पाहिलं. त्यातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. आपली नववीतली एक मुलगी गणपतीच्या वर फळं-पानं टांगून करतात त्या माटोळीचा फोटो दाखवून एकेक वस्तू समजावत होती: हा नारळ, हे सुपारीचं शिपटं, हा चिबूड, हे कवंडाळ. समोरच्या मुलाने हळूहळू जुळवत मराठीत विचारलं, "हे सगळं खातात, की फक्त बघतात?" बाय गप्पच झाली. चिबूड खातात हे तिला माहीत होतं, कवंडाळाचं काय करतात हे तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. घरी जाऊन तिने आजीला पिडलं आणि पुढच्या खेपेला वहीत माटोळीतल्या प्रत्येक फळाची माहिती लिहून आणली. मग त्या मुलाने डाळपुरीचं सांगितलं. तिकडे ती रस्त्यावर गाडीवर मिळते, तिखट रश्शाबरोबर, आणि तिला ते 'ढोल पुरी' म्हणतात. आपल्याकडची पातळभाजी-पावाची गाडी दाखवायला आपला एक मुलगा पालकांचा मोबाईल घेऊन बाजारात जायला निघालेला, त्याला कसंबसं थांबवलं.

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली टूम नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९९७ साली 'कल्चुरा' नावाने अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना असंच इंटरनेटवरून एकमेकांशी जोडलं गेलं. दोन्हीकडच्यांना एकच अर्धवट वाक्य द्यायचं, 'चांगला शेजारी म्हणजे जो…' अशासारखं, प्रत्येकाने ते आपापल्या भाषेत पुरं करायचं आणि मग उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून एकमेकांना विचारायचं की तुम्ही असं का लिहिलंत. ब्राझीलमधल्या साव पावलो राज्य विद्यापीठात २००६ पासून 'टेलेटँडेम' चालतं. तिथे पोर्तुगीज येणारा एक आणि परकी भाषा येणारा एक अशी जोडी लावतात. नियम मोजकेच: दोन्ही भाषांना सारखा वेळ, भाषांची सरमिसळ नाही, आणि काय बोलायचं हे जोडीने ठरवायचं. हेच नियम आम्ही घेतले आहेत. 'चांगला शेजारी'सुद्धा घेणार आहोत. आमच्या गावात त्यावर बरंच ऐकायला मिळेल, अशी खात्री आहे.

आता मदतीचं. एका हितचिंतकाने मोठा प्रोजेक्टर देऊ केला आहे. त्यांचे आभार मानून आम्ही तो सध्या नको म्हटलं. कारण पडद्यावर पाहुणे दिसले की वर्गातली दोन धीट मुलं तेवढी बोलतात आणि बाकीची बाकावर बसून टाळ्या वाजवतात. त्याचा कार्यक्रम होतो, फोटो पेपरात येतो, भाषा मात्र कुणाला येत नाही. चूक होईल म्हणून घाबरणारं मूल बोलतं ते एकट्या एका माणसाशी, तेही आपलं कुणी ऐकत नाही म्हटल्यावरच. म्हणून प्रत्येक मुलाला स्वतःचा हेडसेट हवा, माइक असलेला. एका खोलीत दहा जोड्या बोलत असतात तेव्हा लॅपटॉपच्या स्पीकरवर काहीच भागत नाही, हे आम्ही अनुभवलंय. बरा हेडसेट बाजारात हजार रुपयांच्या आसपास येतो. शंभर रुपये दिलेत तरी आमच्या हिशेबात ते एका मुलाच्या कानापर्यंत पोचतात.

वापरात नसलेला पण चालू लॅपटॉप कुणी दिला तर हवाच आहे. पावसात वीज जाते, हे वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टर आणि बॅटरी ही मोठी रक्कम आहे, ती एखाद्या कुटुंबाने कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ उचलली तर फार सोय होईल.

पूर्वी आपल्या गोव्यात लोहखनिजाच्या खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकवाल्यांकडून, बार्जवाल्यांकडून गावच्या कामाला देणगी हक्काने मिळायची. २०१२ला खाणी पहिल्यांदा थांबल्या, २०१८ला पुन्हा, आणि तो हक्कही त्याबरोबर गेला. त्यामुळे लंडनला, आखातात, बोटीवर असलेल्या गावकऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. तुमच्यापैकी पुष्कळांनी परमुलखात भाषा न येता पहिले महिने काढले आहेत.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. फ्रेंच येणारे कुणी असतील, निवृत्त शिक्षक असोत वा हॉटेलात काम करून शिकलेले, त्यांनी महिन्यातले दोन शनिवार द्यावेत. शिकवायचं नाही, मध्ये बोलायचंही नाही. मुलं अडली की शब्द पुरवायचा आणि चुका वहीत टिपून शेवटी सांगायच्या, एवढंच काम. मराठी चांगलं असलेल्या माणसांचीही गरज आहे, कारण "हे असं का म्हणतात?" असं तिकडून विचारलं की आपलीच मुलं आपल्याकडे बघतात.

पालकांनी निश्चिंत असावं. संवाद फक्त वाचनालयातच आणि समितीतलं मोठं माणूस हजर असतानाच होईल. मुलांचे मोबाईल नंबर, पत्ते दिले जाणार नाहीत, रेकॉर्डिंग कुठेही टाकलं जाणार नाही, आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय एकाही मुलाला बसवणार नाही. फी नाही. फ्रेंच न घेतलेल्या मुलांनीही नाव द्यायला हरकत नाही, त्यांचा फ्रेंचचा अर्धा तास अगदी 'बोंजूर'पासून सुरू होईल.

देणगी वाचनालयाच्या काउंटरवर रोख किंवा क्यूआर कोडने देता येईल, पावती लगेच मिळेल. जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर लावू. वस्तू द्यायच्या असल्यास संध्याकाळी पाच ते सात या वेळेत आणाव्यात. हेडसेट जुने चालतील, पण वायर तुटलेले कृपया नकोत. ते दुरुस्त करत बसायला आमच्याकडे माणूस नाही. असा माणूस तुम्हीच असलात, तर मात्र तुटलेल्या हेडसेटसकट या.

आपली नम्र,
वाचनालय कार्यकारी समिती